किमान दोन प्रवासी

नाशकात बोटीचं स्टँड आहे हे शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नाही, आणि ज्या दहांना माहीत आहे त्यांना वाटतं की ते बंद पडलंय. ते बंद नाही. मी अकरा वर्षं त्याच्या तिकीट खिडकीत बसते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. माझं नाव ज्योत्स्ना, हुद्दा तिकीट लिपिक.

मागच्या सिंहस्थाच्या आधी कुणाला तरी वाटलं की भाविकांना रस्त्याऐवजी पाण्यावरून घाटांकडे नेलं तर गर्दी कमी होईल. मग गोदा जलप्रवासी मंडळ नावाचं एक मंडळ नेमलं गेलं. मंडळाने बारवकर घाटावर दुमजली इमारत बांधली. तिकीट खिडकी, साठ खुर्च्यांचं प्रतीक्षालय, लहान मुलांच्या आयांसाठी वेगळी खोली, सूचना द्यायला भोंगा, आणि नदीत उतरणारा पंधरा पायऱ्यांचा धक्का. त्यानंतर बोट आणली, तिचं नाव ‘गोदाई’ ठेवलं. आणि सगळ्यात शेवटी नदी बघितली.

नियमावलीप्रमाणे पाणी तीन फुटांच्या खाली असेल तर बोट चालत नाही आणि सहा फुटांच्या वर असेल तर चालवायची नाही. आमच्या घाटाला उन्हाळ्यात दीड फूट पाणी असतं आणि पावसाळ्यात बारा. तीन आणि सहाच्या मधलं पाणी येतं ते वरच्या धरणातून आवर्तन सुटलं तरच, तेही एखादा दिवस. शिवाय बोटीला छत आहे आणि घाटांच्या वाटेवर एक बुटका पूल आहे. पाणी पुरेसं असलं की छत पुलाला लागतं. हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, असं लोक मला विचारतात, जणू काही पूल मीच बुटका बांधला. लक्षात आलं होतं. निवृत्तीच्या आलं होतं. पण निवृत्ती हा बोटीचा चालक, आणि चालकाची नेमणूक बोट आल्यावर झाली.

बोट नऊ दिवस चालली. मग मंडळाने मार्ग कमी केला आणि फेरी फक्त पलीकडच्या काठापर्यंत ठेवली. पलीकडचा धक्का म्हणजे चार पायऱ्या आणि एक पाटी. बोटीने सहा मिनिटं लागतात, पुलावरून चालत आठ. त्यामुळे प्रवासीही आटले.

पण इमारत रिकामी राहिली नाही. सरकारी इमारत रिकामी आहे याचा वास लोकांना लांबून येतो. आधी निवडणुकीच्या पेट्या आल्या. मग मंडळातल्या एका साहेबांच्या लासलगावच्या मेव्हण्याचा कांदा आला, भाव चढेपर्यंत म्हणून. भाव चढला नाही. कांद्याला कोंब आले आणि त्या पावसाळ्यात प्रतीक्षालयात वीतभर हिरवी पात उभी होती. नंतर करोनात लस टोचायचं केंद्र झालं. ‘प्रवाशांनी रांगेत यावे’ ही आमची पाटी लोकांनी पाळली ती तेव्हाच. दोनदा पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं. नाशकात पूर किती आला ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, गुडघ्याला लागला, कमरेला लागला, गळ्याला लागला. आमच्या धक्क्यावर लाल-पांढऱ्या रंगात फुटांच्या खुणा आहेत, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मी स्वतःसुद्धा आधी मारुतीची चौकशी करते आणि मग खुर्च्या वर चढवते.

सहा वर्षांपूर्वी तृप्ती आली. सुरगाण्याकडची मुलगी, पाठीला दप्तर, हातात स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक. एका खोलीत सहा जणी राहायच्या आणि त्यातल्या दोघी मोबाइलवर मोठ्याने मालिका बघायच्या.

“मॅडम, बोट कधी आहे?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग येईपर्यंत बसू का?”

मी नियमावली काढली. प्रतीक्षालय फक्त प्रवाशांसाठी. प्रवासी म्हणजे ‘वैध तिकीट व ओळखपत्र धारण करणारी व्यक्ती’. बोट यायलाच हवी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तिला तिकीट फाडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. आज सव्वीस मुली आमच्याकडे बसतात. माझ्या रजिस्टरात तीन रकाने आहेत, आलेले, प्रतीक्षेत आणि सुटलेले. मुलींची नावं मी दुसऱ्या रकान्यात लिहिते. तृप्ती आता पेठकडे तलाठी आहे, पण रजिस्टरात ती अजून बसलेलीच आहे.

निवृत्तीचंही तसंच. मंडळाने त्याला रखवालदार केलं, पण दर शनिवारी तो चिखलातल्या बोटीचं इंजिन पाच मिनिटं चालू करतो. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो आणि खोबरं मुलींना वाटतो.

अशी आमची गाडी, म्हणजे बोट, नीट चालली होती. मग फेब्रुवारीत मंडळाने प्रफुल्ल देवरे नावाचे नवे साहेब तपासणीला पाठवले. पस्तिशीचा माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. अकरा वर्षांत ते वाचणारा हा पहिलाच माणूस.

“बाई, तुमच्या नोंदीप्रमाणे एकशे अठ्ठेचाळीस प्रवासी प्रतीक्षेत आहेत.”

“हो.”

“त्यातले काही सहा वर्षांपासून.”

“हो.”

“कशाची वाट बघतायत?”

“कुणी तलाठ्याच्या परीक्षेची, कुणी पोलीस भरतीची, कुणी नर्सिंगची.”

“बोटीची कुणी?”

“निवृत्ती,” मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पिशवीतून एक आदेश काढून माझ्यासमोर ठेवला. ज्या स्थानकातून सलग तीन आर्थिक वर्षं एकही प्रवासी सुटलेला नाही, ते एकतीस मार्चनंतर पर्यटनासाठी वळवायचं. सोबत नकाशा होता. प्रतीक्षालयाच्या जागी वाइन चाखायचा हॉल. माझ्या तिकीट खिडकीच्या जागी बाटल्यांचं काउंटर, लांबी अगदी बरोबर बसत होती. मला धुळ्याला पाठवणार होते. तिथे मंडळाचं नेमकं काय आहे ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

धुळ्याचं मला काही वाटलं नाही. पण आत मुली मान खाली घालून वाचत होत्या. नऊ नंबरच्या खुर्चीवर हर्षाली होती. तिच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक शिवणयंत्र. ते यंत्र रात्री अकराला थांबतं, तेव्हा तिला झोप लागते. ती या खुर्चीवर तीन वर्षं बसत होती, आणि आता तिथे कुणीतरी पेला फिरवून वास घेणार होतं. मला इतका राग आला की मी साहेबांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

“काही करता येईल का?” मी विचारलं.

साहेबांनी नियमावली मागितली आणि तीही पहिल्या पानापासून वाचली. “एक फेरी झाली पाहिजे,” ते म्हणाले. “एकतीस मार्चच्या आत. किमान दोन प्रवासी असल्याशिवाय फेरी सोडता येत नाही, असा नियम आहे. कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, आवारातले विक्रेते धरायचे नाहीत. या मुली चालतील, त्यांच्याकडे तिकीट आहेच. मी स्वतः हजर राहून अहवाल भरीन.”

मला वाटलं सुटलो. सव्वीस प्रवासी आतच बसले होते, फक्त पाणी हवं होतं. निवृत्ती चौकशी करून आला. मार्चचं आवर्तन एकोणतीस तारखेला, रविवारी. सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत आमच्या घाटाला तीन फूट मिळेल, नंतर उतरेल.

मी आत जाऊन मुलींना सांगितलं. मग हर्षालीने पुस्तकातून प्रवेशपत्र काढून दाखवलं. परीक्षा एकोणतीस मार्च, रविवार, सकाळी दहा ते एक. सव्वीसच्या सव्वीस जणींची, कारण कुठल्याही भरतीचा फॉर्म निघाला की सगळ्याच भरतात. केंद्र कुणाला ओझर, कुणाला सिन्नर.

“मॅडम, मी पेपर सोडते,” हर्षाली म्हणाली. “पुढच्या वर्षी देईन. अजून एक जण कुणी...”

“जी पेपर सोडेल तिला मी या दारातून आत घेणार नाही,” मी ओरडले. प्रतीक्षालयात मोठ्याने बोलू नये ही पाटी माझ्याच डोक्यावर होती.

मग मी प्रवासी शोधायला लागले. शेवटी रोहित आणि चैताली नावाचं एक जोडपं मिळालं. त्यांचं लग्न मे महिन्यात होतं आणि त्यांना बोटीतले फोटो हवे होते. मी त्यांची नावं महिनाभर आधी लिहून ठेवली.

एकोणतीस तारखेला सकाळी पाणी आलं. निवृत्तीने आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. ‘गोदाई’ चिखलातून सुटली आणि धक्क्याला हलायला लागली, तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. देवरे साहेब दहाच्या ठोक्याला आले. सवादहाला चैतालीचा फोन आला. फोटोग्राफरने रात्री आमच्या घाटाचा व्हिडिओ बघितला होता. त्याचं म्हणणं पडलं की पाणवेलींमुळे चैतालीचा शालू उठून दिसणार नाही. ते द्राक्षाच्या मळ्यात निघाले होते.

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी एकादशी, त्यामुळे घाटाकडे जाणारी माणसं कमी नव्हती. एका काकांना म्हटलं, बोटीत बसता का, सहा मिनिटं. ते म्हणाले उपास आहे. एकाने विचारलं विमा किती आहे. दोन बायका तयार झाल्या, पण ओळखपत्र मागितल्यावर त्यांना वाटलं मी कुठल्या तरी योजनेची आहे, आणि त्या मलाच अर्जाचं विचारायला लागल्या. आमच्या दाराशी गोजराबाईची गाडी आहे. ती कढईतून वर न बघता म्हणाली, “ज्योत्स्नाताई, मी असते बसले. पण तुमच्या त्या साहेबानं मला आवारातली केलीय ना.” तिने मला एक साबुदाणा वडा दिला. मी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि मला रडू आलं. वडा गरम होता, असं मी तिला सांगितलं.

परत आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. साहेब धक्क्यावरच्या खुणा बघत होते. “तीन फूट दोन इंच,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजातही थोडी काळजी होती, पण ते फॉर्म हातात धरूनच उभे होते.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी उतरली. कपाळ मोकळं, छातीशी लाल फडक्यात बांधलेलं लहान गाडगं. तिच्यामागे मुंडण केलेला, घाम पुसणारा एक माणूस.

“बोट हितंच लागती ना?” तिने विचारलं.

अकरा वर्षांत हा प्रश्न मला असा सरळ कुणी विचारला नव्हता. “इथेच लागते,” मी म्हटलं.

“मंग दोन तिकिटं द्या.”

मी खिडकीत धावले. पुस्तक उघडलं, कार्बन घातला. “नाव सांगा आजी.”

“शकुबाई पुंजा आहेर. वय सदुसष्ट. येवल्याकडची हाय मी.”

“दुसरं?”

“पुंजा रामा आहेर. वय एक्काहत्तर.”

मी लिहिलं आणि मग त्या माणसाकडे बघितलं. तो पन्नाशीच्या आतला होता.

“मी न्हाई वं ताई,” तो म्हणाला. “मी नवनाथ, पुतण्या. चुलते ते तिच्या हातात हायेत.”

मी पेन खाली ठेवलं.

नवनाथला बोलायचंच होतं. “सकाळी रामकुंडावर सगळं यथासांग झालं बघा. गुरुजींनी मंत्र म्हनले, आस्थी सोडल्या, दक्षिणा दिली. मी म्हनलं झालं, चला घरी. तर हिनं पदराखाली मूठभर राखून ठेवलेल्या. मला रिक्षात बसल्यावर सांगितलं.”

“तिथं नुसतं पान्यात सोडायचं व्हतं,” शकुबाई म्हणाली. “मला ह्यांना बोटीत बसवायचंय.” तिने मान वळवून धक्क्याकडे बघितलं. “ह्या पायऱ्या ह्यांनी घातल्या. आतली फरशी बी. चार म्हैने हितंच राह्यले, मिस्त्रीच्या हाताखाली. घरी आले तर म्हनले, शकू, बोट सुरू झाली की पैल्यांदा तुला बसवीन. मी म्हनलं बसवा. मंग दर दिवाळीला ते हितल्या डायवरला फोन करायचे.”

निवृत्ती दारात उभा होता. “पुंजाभाऊ?” तो म्हणाला. “फरशीवाले?” त्याने टोपी काढली. “दर दिवाळीला यायचा फोन. मी दर वेळेला पुढच्या वर्षी म्हणायचो.”

“व्हय, तेच सांगायचे ते,” शकुबाई म्हणाली. “पुढच्या वर्षी म्हनतोय.”

मी साहेबांना सगळं सांगितलं. एक प्रवासी पक्का आहे, दुसरा नवनाथ होऊ शकतो.

“मी नाय बसनार,” नवनाथने हातच जोडले. “वणीच्या एका जानकारानं सांगितलंय, पन्नाशीपर्यंत पान्यापासून जपा. माझं अजून दीड वर्ष राह्यलंय. मंत्र काय म्हनायचे ते काठावरून म्हनतो.”

मी त्याला समजावलं, दटावलं, सव्वीस मुलींचं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले, पण पाय काही हलले नाहीत. पावणेबारा झाले होते.

“अहो, पण दुसरं तिकीट काढलंय ना,” शकुबाई म्हणाली. तिला आमचा गोंधळच कळत नव्हता. “दोघं झालो की.”

साहेबांनी घसा साफ केला. “आजी, वाईट वाटून घेऊ नका. पण नियमात... हे सामान धरावं लागेल.”

“सामान?” शकुबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. “आमच्यात नेताना सामान म्हनत नाय. येवल्यापासून प्रत्येक वळनाला सांगत आले, आवो विंचूर आलं, आवो निफाड आलं, उठा, नाशिक आलं. गाडीत मांडीवर घेऊन नाय बसले, शेजारी बसवलं. तिकीट काढलं त्यांचं.” तिने कमरेच्या पिशवीतून दोन चुरगळलेली तिकिटं काढली, आणि मागोमाग एक आधार कार्ड. “कंडक्टर म्हनला, बाबा पासष्टच्या वर असतील तर हाफ बसंल, कार्ड दाखवा. दाखवलं. त्यानं फोटो बघितला, बाबांकडं बघितलं आन दिलं हाफ.”

साहेबांनी एसटीची तिकिटं उजेडात धरून वाचली. मग आधार कार्ड. मग आमची नियमावली, तेच पान, दोनदा. मी त्यांच्या खांद्यावरून तेच पान वाचत होते. नवनाथही तसाच.

“प्रवासी म्हणजे वैध तिकीट व ओळखपत्र धारण करणारी व्यक्ती,” साहेब वाचत म्हणाले. “ओळखपत्र आहे. तिकीट तुम्ही लिहायला घेतलंय. ‘जिवंत व्यक्ती’ असं नियमात म्हटलेलं नाही.” त्यांनी एसटीचं तिकीट वर धरलं. “आणि दुसऱ्या एका सार्वजनिक वाहतूक सेवेने आजच त्यांना प्रवासी म्हणून नेलेलं आहे. बाई, तिकीट पूर्ण करा.”

मी पेन उचललं. पुढचा रकाना होता उतरण्याचं ठिकाण. शकुबाईचं मी ‘पलीकडचा धक्का व परत’ असं लिहिलं होतं. “पुंजाबाबांचं काय लिहू?” मी विचारलं. “कुठे उतरणार?”

शकुबाईने गाडग्याकडे बघितलं. “मधीच,” ती म्हणाली.

मी ‘मध्येच’ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

निवृत्तीने नारिंगी जॅकेटं आणली. बोटीत पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक प्रवाशाला जॅकेट, हाही नियम आहे. उंदरांनी कुरतडलेली सोडून सात उरली होती. एक त्याने शकुबाईला घातलं. दुसरं हातात घेऊन तो साहेबांकडे बघायला लागला.

“प्रत्येक प्रवाशाला,” साहेब म्हणाले.

मग निवृत्तीने दुसरं जॅकेट गाडग्याला गुंडाळलं आणि पट्टे नीट आवळले. शकुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “जल्मात कधी विहिरीत उतरले नाय वो,” ती म्हणाली. “आता बघा कसे नटलेत.” हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही.

ती एकेक पायरी पायाने चाचपत उतरली. नवव्या पायरीवर थांबली. “ही जरा उतार राह्यली म्हनायचे, पानी साचत नाय हिच्यावर.” मी अकरा वर्षं त्या पायऱ्या बघतेय, पण माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

भोंगा चालतो का ते कुणालाच माहीत नव्हतं. मी बटण दाबलं आणि तो चालला. “बारवकर घाटावरून पलीकडच्या धक्क्याकडे जाणारी फेरी सुटत आहे,” मी म्हटलं. वरच्या पुलावर दोन-चार माणसं थांबून खाली बघायला लागली. गोजराबाई झारा हातात घेऊनच बाहेर आली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं, एवढे शनिवार वाया गेले नव्हते. ‘गोदाई’ पाणवेली बाजूला सारत निघाली. मागच्या बाकावर शकुबाई आणि तिच्या शेजारी, मांडीवर नाही, शेजारी, नारिंगी जॅकेटातलं गाडगं.

मी, साहेब आणि नवनाथ धक्क्यावर उभे राहिलो. साहेब फेरी अहवालाचा फॉर्म भरायला लागले आणि एकदम थांबले.

“बाई, इथे एक अडचण आहे.” त्यांनी फॉर्मची खालची ओळ दाखवली. निघालेले आणि परतलेले प्रवासी यांत तफावत आढळल्यास अपघात समजून सेवा तत्काळ बंद करावी व स्थानकास कुलूप लावावे.

मी ती ओळ वाचली. निघालेले दोन. परतणार एक. महिनाभर धडपडून मी स्वतःच्या हाताने अपघात घडवून आणला होता. हाक मारून बोट परत बोलवावी असं क्षणभर मनात आलं.

तेवढ्यात नदीच्या मध्यावर इंजिन बंद झालं. निवृत्ती चाक सोडून मागे आला, वाकला, गाडग्याचे पट्टे सोडले आणि जॅकेट काढून घेतलं. मग तो पाठ करून उभा राहिला. शकुबाई बाकावर बसल्याबसल्या बराच वेळ काहीतरी बोलत होती. आम्हाला ऐकू आलं नाही. मग तिने हात पाण्यात घातला. नवनाथ काठावरूनच खाली वाकून नमस्कार करत राहिला. साहेबांनी पेन खिशाला लावलं होतं आणि हात जोडले होते.

बोट पलीकडे जाऊन आली. सगळी मिळून सतरा मिनिटं लागली. निवृत्तीने तिला धक्क्याला बांधलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, ती म्हणत होती, तुमच्यानं नाय झालं ना, मंग म्या बसवलं तुम्हाला. सावकाश जा.” एवढं सांगून तो दोरी पुन्हा एकदा बांधायला गेला.

शकुबाई वर आली. जॅकेट काढून तिने नीट घडी घातली आणि मग दोन्ही तिकिटं माझ्यापुढे धरली. “उतरल्यावर परत द्यायची आसत्यात ना?”

“एक द्या,” साहेब मधेच म्हणाले. “तुमचं. त्यांचं मी जरा बघतो.”

त्यांनी पुंजाबाबांचं तिकीट घेतलं आणि खिडकीच्या फळीवर फॉर्मशेजारी ठेवलं. मी त्यांच्याकडे बघत होते. आतल्या साठ खुर्च्या रिकाम्या होत्या. नऊ नंबरवर हर्षालीने वही ठेवली होती, जागा जाऊ नये म्हणून. एक वाजत आला होता, म्हणजे तिचा पेपर संपत आला असणार.

निघालेले प्रवासी, साहेबांनी लिहिलं, दोन. परतलेले प्रवासी, एक. मग त्यांनी तिकिटावरचा उतरण्याच्या ठिकाणाचा रकाना पुन्हा वाचला, पेन बदललं, आणि शेऱ्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘तफावत नाही. एक प्रवासी तिकिटाप्रमाणे इच्छित स्थळी उतरले. तक्रार नाही. सेवा सुरू ठेवावी.’

खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. पुंजाबाबांचं तिकीट त्यांनी शकुबाईच्या हातात परत दिलं. मी रजिस्टर उघडलं, तिसऱ्या रकान्यात दोन नावं लिहिली आणि शिक्का मारला.